शिंगाची मूठ

फिटरला रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी इमारतीत सगळे त्याला फिटरच म्हणत. कारखान्याच्या टूलरूममध्ये जन्म काढलेला माणूस. घरी बसल्यावर पहिले काही महिने त्याने स्वयंपाकघरातले सगळे स्क्रू पिळून घट्ट केले, एक चांगला चाललेला नळ दुरुस्त करून बिघडवला, आणि शेवटी बायकोनेच त्याला मागची खोली मोकळी करून दिली. "तिथे काय हवं ते करा," ती म्हणाली, "पण माझ्या कुकरला हात लावू नका."

त्या खोलीत तो वस्तरे दुरुस्त करू लागला. जुन्या बाजारात त्याला मुठीत मिटणारा एक वस्तरा मिळाला होता, गंजाने पार काळा पडलेला. त्याने तो तेलात भिजवला, बारीक पॉलिश पेपरने घासला, दगडावर धार लावली, चामड्याच्या पट्ट्यावर ओढला. हातावरचे केस नुसत्या स्पर्शाने उडाले, तेव्हा रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं. मग गंजलेले सुधारता सुधारता तो नवीनही करू लागला. पोलादाची पट्टी कापायची, कानशीने आकार द्यायचा, छोट्या भट्टीत लाल करून तेलात बुडवायची, मग पोटाशी खोलगट घासत पातळ करत न्यायची. लांबून लांबून लोक विचारत येऊ लागले. स्वतःची दाढी मात्र तो साध्या ब्लेडनेच करायचा. "घरभर वस्तरे आणि ह्यांचे खुंट बघा," असं बायको शेजारणींना सांगायची, पण सांगताना तिची मान ताठ असायची.

फिटरचा एक स्वभाव होता. हातात आलेली वस्तू जशी आली तशीच परत करणं त्याला कमीपणाचं वाटे. कोणी नुसती धार मागितली तर तो चकाकीही द्यायचा. वर "असू द्या हो" म्हणायचा आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचा.

वरच्या मजल्यावर शिवणताई राहायची. खिडकीशी मशीन टाकून दिवसभर लोकांचे कपडे आत घे, बाहेर काढ, असं तिचं काम. नवरा टपाल वाटायचा, तो जाऊनही काळ लोटला होता. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. शिवणताई फिटरला भाऊ म्हणायची, त्याच्या बायकोला वहिनी. एक दिवस ती मागच्या खोलीच्या दाराशी आली आणि तिने फडक्यात गुंडाळलेला वस्तरा पुढे केला.

"भाऊ, एवढी धार लावून देता का? ह्यांचा आहे. असतो मशीनच्या खणात. कधी कोटाबिटाची जाड शिवण उसवायची असली की काढते. हल्ली कापतच नाही."

फिटरने तो उघडून उजेडाकडे धरला. पातं जातिवंत होतं, पण डाग पडले होते. मूठ शिंगाची, जुनी, चिरलेली, एका ठिकाणी कुरतडल्यासारखी.

"बाकी काही नको," शिवणताई म्हणाली. "फक्त धार."

"तुम्ही निर्धास्त राहा, ताई."

ती जिना चढून गेली आणि फिटरने मुठीच्या खिळ्याचं डोकं कानशीने उडवायला घेतलं. फक्त धार लावून असलं पातं परत देणं त्याच्या जिवावर आलं होतं. ताईला कोण एवढं करून देणार होतं? पैसे तर घ्यायचेच नव्हते. खिळा ठोकून काढताना मूठ तडकली, तेव्हा त्याला वाईटही वाटलं नाही. उंदरांनी खाल्लेलं शिंग, ते किती टिकणार. तुकडे त्याने भुशाबरोबर डब्यात लोटले. मग सगळा आठवडा तो त्या वस्तऱ्यावर राबला. डाग घालवले, पातं आरशासारखं केलं, शिसवीची नवी मूठ घडवली, पितळी खिळे मारले, लाकडावर तेल जिरवलं. बायकोने चहा आणून ठेवला की तो थंड व्हायचा.

वस्तरा घेऊन तो स्वतः वर गेला. बायकोही कौतुकाने मागोमाग आली. शिवणताईने फडकं उलगडलं आणि ती बघत राहिली. फिटर तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"मूठ?" तिने विचारलं.

"ती गेलेलीच होती, ताई. उंदरांनी पार कुरतडली होती. ही शिसवी आहे, तुमच्या नातवंडांनासुद्धा पुरेल."

"हो का," शिवणताई म्हणाली. मग वस्तरा उलटसुलट करत म्हणाली, "छान केलंय. किती मेहनत घेतलीत." मग तिने वस्तरा मिटला, खणात ठेवला आणि चहा टाकते म्हणून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

फिटर खाली उतरला तो थोडा हिरमुसून. त्याला वाटलं, बायकांना धातूतलं काय कळतं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको एकटीच वर जाऊन आली आणि येऊन त्याच्यासमोर स्टुलावर बसली.

"ते उंदराचे दात नव्हते," ती म्हणाली.

शिवणताईला मुलीच्या पाठीवर एक मुलगा झाला होता. दात येत होते तेव्हा बाप दाढी करून उठला की पोर मिटलेला वस्तरा काढून घ्यायचा आणि त्याची मूठ चावत बसायचा. बाप आधी ओरडायचा, मग त्याने पातं उघडू नये म्हणून दोरा बांधून मिटलेला वस्तराच पोराच्या हातात द्यायला सुरुवात केली. त्याच हिवाळ्यात मुलाला ताप आला आणि तो गेला. बापाने ती मूठ कधी बदलू दिली नाही. शिवण उसवायला म्हणून वस्तरा मशीनच्या खणात होता, पण शिवणताई तो काढायची ती नेहमी शिवण उसवायलाच, असं नव्हतं.

फिटरने हातातली कानस खाली ठेवली. "मग सांगायचं नाही का आधी?" तो म्हणाला.

"त्यांनी सांगितलं होतं. फक्त धार, म्हणून." बायको उठली. "मी म्हटलं त्यांना, काळजी करू नका, ह्या माणसाच्या घरात मोडका खिळासुद्धा टाकला जात नाही. मूठ असेल कुठेतरी. शोधून ठेवा."

डबा तर कधीच रिकामा झाला होता. कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. तरी फिटर गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेला, काठीने उकरून बघितलं, समोरच्या दुकानदाराने काय हरवलं म्हणून विचारलं तेव्हा "काही नाही, वॉशर" असं सांगून परत आला. खोलीत बाकाखाली, यंत्राच्या मागे, भुशात हात घालून शोधलं. मुठीचा नखाएवढा तुकडासुद्धा राहिला नव्हता. आता वर जायचं आणि सांगायचं, असं त्याने ठरवलं. शब्दसुद्धा जुळवले. पण तो निघायच्या आधी शिवणताईच दारात उभी राहिली. जिन्यावरून घाईने उतरली असावी, तिला धाप लागली होती.

"वहिनी म्हणाल्या, तुम्ही काही टाकत नाही."

तिच्या तोंडावर एवढी आशा होती की जुळवलेलं सगळं फिटरने बाजूला सारलं.

"आहे," तो म्हणाला. "कुठेतरी आहे, ताई. शोधून देतो."

असं तो का बोलला, हे त्याला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. त्या क्षणी फक्त तिचं तोंड पडलेलं बघायचं नव्हतं, एवढंच. आणि एकदा तोंडातून गेलं ते गेलं.

त्याच्याकडे मोडक्या वस्तऱ्यांचा एक खोका होता. त्यात शिंगाची एक जुनी मूठ सापडली, जवळपास त्याच आकाराची. दार लावून घेऊन तो बसला. आधी त्याने टोकदार पंच ठोकून खुणा मारून बघितल्या. त्या पंचाच्याच दिसत होत्या. मग शिंग गरम पाण्यात मऊ करून त्याने स्वतः चावून बघितलं. त्याच्या दातांचा ठसा भलताच रुंद उमटला, आणि तोंडात जळक्या केसांसारखी चव राहिली. आरशात बघावं तसं त्याने त्या ठशाकडे बघितलं आणि ते तोंड कुणी बघत नाही ना म्हणून दाराकडे मान वळवली. शेवटी बारीक गोल कानस घेतली. एवढ्याशा दातांना किती जागा लागेल, कडेला चिरा कशा पडतील, वर्षानुवर्षं अंगठा फिरल्यावर त्यांच्या कडा कशा गुळगुळीत होतील, ह्याचा विचार करत तो हळूहळू घासत राहिला. चहाच्या पाण्यात मूठ बुडवली, तेल आणि काजळी चोळली, पुसली, परत चोळली.

काम फार सुरेख उतरलं. मूठ उजेडात धरून त्याने स्वतःशीच मान हलवली. आपल्याला हे जमलं, ह्याचा त्याला मनापासून आनंद झाला. तो काही क्षणच टिकला, पण पुढे सगळ्यात जास्त तोच त्याला खात राहिला.

शिवणताईने मूठ दोन्ही हातांत घेतली. "जरा उजळलीय का?" ती म्हणाली.

"तेलाचा हात फिरवलाय."

तिने अंगठा खुणांवर ठेवला. तो एकदा थांबला, मग पुन्हा फिरला. तिने डोळे मिटले. "हा खालचा वाकडा होता बघा त्याचा," ती म्हणाली. "हे म्हणायचे, मोठा झाला की सरळ होईल." मग ती रडली, मोकळेपणाने, आणि फिटरची बायकोही पदर डोळ्यांना लावून रडली. फिटर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा होता.

त्यानंतर शिवणताईने त्याच्यासाठी जाड कापडाचा एप्रन शिवला. खिसे असे की कानस, पेन्सिल, चष्मा सगळं नीट बसावं. बायकोने तो त्याच्या गळ्यात घातला आणि मागे बंद बांधले. जिन्यावर, नळावर, दुकानात बायको सगळ्यांना सांगायची की आमच्या ह्यांनी कसं जपून ठेवलं होतं. लोक फिटरला सांगायचे, माणूस असावा तर असा. तो "छे हो" म्हणायचा, आणि लोकांना तो विनय वाटायचा. एप्रन घातला की त्याचा हात चालेना, काढला तर बायको विचारायची. नवीन कामं त्याने घेणं बंद केलं. डोळे दुखतात असं सांगितलं. बायकोने डोळ्यांत घालायला थेंब आणले, ते तो मुकाट्याने घालून घ्यायचा.

हे असंच चाललंही असतं. माणूस खोट्यालाही सरावतो. पण शिवणताईची मुलगी चार दिवस राहायला आली.

ती खाली आली तेव्हा फिटर खोलीत नुसताच बसला होता. मुलगी शाळेत शिकवायची, बोलणं हळू आणि सरळ.

"काका, एक विचारू? ती मूठ तुम्ही सोडवलीत ना, म्हणून तुम्हालाच माहीत असणार. खुणा कुठे होत्या?"

"म्हणजे?"

"मला आठवतं, त्या खिळ्याजवळ होत्या. मी त्यावर बोट ठेवायचे तेव्हा खिळ्याचं डोकं बोटाला टोचायचं. आता आईकडे आहे त्यावर तर पार टोकाला आहेत. मी आईला म्हटलं, ही ती नाही. तर ती एवढी चिडली माझ्यावर. म्हणाली, तू लहान होतीस, तुला काय आठवतंय, तुला काही ठेवायचंच नाही त्याचं." तिने आपल्या बोटाच्या टोकाकडे बघितलं. "काका, भावाचा चेहरासुद्धा मला फोटोतलाच आठवतो. ते खिळ्याजवळचे खड्डे तेवढे माझे स्वतःचे होते. आता वाटायला लागलंय, तेही मी मनानेच रचले असतील."

फिटरला खरं काय ते तेव्हा आठवलं. खिळ्याचं डोकं उडवताना कानशीखाली ते खड्डे येत होते. ते आपल्या मध्ये येतात म्हणून तो मनात वैतागलाही होता. शपथ घेऊन सांगता आलं असतं इतकं स्पष्ट आठवलं.

"वय झालं माझं," तो म्हणाला. "लक्षात नाही राहत."

"बरं," मुलगी म्हणाली. "मग माझंच चुकत असेल." आणि ती गेली.

आधीचं खोटं एका बाईला आनंद देण्यासाठी होतं, असं फिटर इतके दिवस स्वतःला समजावत आला होता. आता समजावायला काही उरलं नव्हतं. खरं बोलणारी मुलगी त्याच्यापायी खोटी ठरली होती, आणि स्वतःच्या खोलीत बसून त्याने ती ठरू दिली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने आधी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने ऐकून घेतलं, निवडलेली भाजी बाजूला सारली.

"इमारतभर सांगितलं मी," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही ऐकत होतात. माझ्या शेजारी उभे राहून."

त्याने गळ्यातला एप्रन काढला.

"वर जा. मी येणार नाही. मला तोंड नाही राहिलं, आणि तुमच्या बाजूने बोलायला माझ्याकडे काही नाही."

दुपारची वेळ होती. शिवणताई मशीनवर बसली होती, मुलगी आत कपड्यांच्या घड्या घालत होती. फिटर दाराच्या आत दोन पावलं येऊन उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही. जे झालं ते त्याने पहिल्यापासून सांगितलं: खिळा, तडकलेली मूठ, डबा, खोक्यातलं दुसरं शिंग. मध्ये मध्ये त्याला आपला आवाज लहान मुलासारखा ऐकू येत होता. मशीन थांबलं होतं. आत मुलीच्या हातांचा आवाजही थांबला होता.

शिवणताईने खण उघडून मूठ काढली आणि मांडीवर ठेवली.

"मग हा वाकडा दात?" तिने विचारलं.

"कानस घसरली होती, ताई."

ती त्या खुणेकडे बघत राहिली. फिटरला वाटलं, आता ती ओरडेल. ओरडली असती तर त्याला सोसलं असतं.

"पहिल्या दिवशी माझा अंगठा अडखळला होता," ती म्हणाली. "मी म्हटलं, अंगठाच म्हातारा झाला असेल. तुम्ही दिलंत म्हणून. माझ्या बोटापेक्षा मी तुमच्यावर विश्वास ठेवला. हिच्यापेक्षासुद्धा." मग तिने मान न वळवता आतल्या खोलीला सांगितलं, "तुझं बरोबर होतं गं. खिळ्याजवळच होत्या."

मुलगी बाहेर आली आणि आईच्या खुर्चीमागे उभी राहिली. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला. फिटरकडे तिने एकदाच बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. ऑफिसात एखादा चुकीच्या टेबलाशी उभा असला की त्याच्याकडे जसं बघतात, तसं ते होतं.

"ही मी परत नेऊ का?" त्याने मुठीकडे हात करून विचारलं.

"नको. काय करायचं ते मी बघेन." शिवणताईने मूठ खणात टाकली आणि खण लोटला. "तुम्ही जा आता."

इमारतीत ही गोष्ट कुणाला कळली नाही. शिवणताई बोलली नाही, मुलगीही नाही. त्यामुळे लोक अजूनही अधूनमधून त्याचं कौतुक करायचे, आणि प्रत्येक वेळी बायको तिथून उठून जायची. फिटरने एकदा एका शेजाऱ्याला अडवून सांगायचा प्रयत्न केला, "नाही हो, ती मूठ खरी नव्हती," तर शेजारी हसला आणि म्हणाला, "तुमच्यासारख्या कलाकारांना आपलं काम कधी पटतच नाही." त्यानंतर त्याने तो नाद सोडला.

वस्तऱ्यांचं काम त्याने पुन्हा सुरू केलं ते बायकोच्या सांगण्यावरून. "बसून काय होणार आहे," ती म्हणाली. "आलेल्याला विचारा, काय करायचं, आणि तेवढंच करा." तो विचारू लागला. लोकांना ते विचित्र वाटे. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा की," असं कोणी म्हटलं तर तो वस्तरा परत करायचा.

उन्हाळ्यात एकदा शिवणताई मागच्या दाराशी आली. मधल्या काळात जिन्यावर भेट झाली तर ती "कसं काय" एवढं विचारून पुढे जायची आणि तो भिंतीला चिकटून वाट द्यायचा. आज तिच्या हातात तो वस्तरा होता, शिसवीच्या मुठीचा.

"ही मूठ काढून द्या," ती म्हणाली.

"दुसरी कुठली बसवू?"

"कुठलीच नको. नुसतं पातं हवंय. खाली मी कापड गुंडाळून घेईन."

ती दारातच उभी राहिली. त्याने खिळ्याची डोकी घासली, हळू ठोकून खिळे काढले, शिसवीच्या दोन फाकी वेगळ्या झाल्या. पात्यावर कानशीचा एक ओरखडा उठला होता. तो पुसून टाकणं त्याला अवघड नव्हतं, बोट पॉलिश पेपरकडे गेलंही. मग त्याने हात मागे घेतला आणि पातं तसंच तिच्यासमोर धरलं.

शिवणताईने ते घेतलं, उजेडाकडे फिरवून एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं.

"आणखी काही केलं नाही ना?" तिने विचारलं.

"नाही," फिटर म्हणाला. "एक ओरखडा उठलाय. तो तसाच आहे."

"असू दे."

तिने पातं फडक्यात गुंडाळलं आणि ती जिन्याकडे वळली. फिटर खाली मान घालून बाकावरचा भुसा गोळा करत राहिला. तिची पावलं वरच्या मजल्यावर पोचून दार लागल्याचा आवाज येईपर्यंत त्याला मान वर करायचा धीर झाला नाही.